पाठीवरचा भार आणि वाटेवरचा आधार : सोपारा–गोवर्धन–ओझर दिशेच्या पायी प्रवासाचा इतिहास

प्रस्तावना

नाशिकच्या ईशान्येस सुमारे वीस किलोमीटर अंतरावर, बाणगंगेच्या काठी वसलेले ओझर हे गाव आज प्रामुख्याने विमानांसाठी ओळखले जाते. हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा मिग विमानांचा कारखाना १९६४ साली येथे आला आणि नाशिकचा विमानतळही याच परिसरात आहे. परंतु ओझरची त्याहून जुनी ओळख आहे ती रस्त्यावरचे गाव म्हणून. मुंबईहून निघालेला आग्रा रस्ता शहापूर ओलांडून थळ घाट चढतो, इगतपुरी व नाशिक मागे टाकून ओझरवरून पिंपळगाव, चांदवड, मालेगाव, धुळे असा माळव्याकडे जातो. समुद्रकिनारा आणि उत्तरेकडील पठार यांना जोडणाऱ्या या दिशेने दोन हजार वर्षे माणसे पायी चालत आली आहेत. त्यांत लमाणांचे तांडे होते, फौजा होत्या. पण संख्येने फार मोठा वर्ग होता तो पाच-दहा जणांच्या लहान जथ्यांचा. भिक्षू, यात्रेकरू, याज्ञिक ब्राह्मण, पोटासाठी निघालेले मजूर आणि अलीकडच्या काळात केवळ हौसेने भटकणारे पदभ्रमक हे सर्व या वर्गात मोडतात.

इतिहासलेखनात मार्गांचा विचार बहुधा व्यापाराच्या किंवा लष्करी हालचालींच्या अंगाने झाला आहे. पायी चालणाऱ्या लहान गटाचे व्यवहार त्यामानाने दुर्लक्षित राहिले. असा गट कोठे मुक्काम करी, नदी कशी ओलांडी, पाणी कोणाकडून घेई आणि पाठीवर काय वाहून नेई, हे प्रश्न वरकरणी किरकोळ वाटतात. प्रस्तुत लेखात त्यांचाच विचार केला आहे. चालणाऱ्याच्या पाठीवरचा भार त्याच्या अंगातील बळावर ठरत नाही. वाटेवर त्याला काय मिळणार आहे आणि काय नाकारले जाणार आहे यावर तो ठरतो, असे या मार्गाच्या इतिहासावरून दिसते. या दृष्टीने पाहिले असता पाठीवरची पिशवी हा सामाजिक इतिहासाचा बोलका पुरावा ठरतो.

शिलालेखातील तर आणि पाणपोई

या विषयावरील सर्वांत जुना आणि विलक्षण तपशीलवार पुरावा नाशिकजवळच्या त्रिरश्मी डोंगरावर, म्हणजे लोकभाषेतील पांडवलेण्यांत आहे. क्षहरात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात (ऋषभदत्त) याने लेणे क्रमांक १० मध्ये आपल्या दानधर्माची नोंद कोरून ठेवली आहे. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांतील हा लेख राजकीय इतिहासासाठी पुष्कळ वापरला गेला. त्यातील प्रवासविषयक भाग मात्र स्वतंत्रपणे वाचण्यासारखा आहे.

उषवदाताने भरुकच्छ (भडोच), दशपुर (मंदसोर), गोवर्धन (नाशिकजवळील गंगापूर-गोवर्धन परिसर) आणि शूर्पारक (सोपारा) या चार ठिकाणी चौसोपी विश्रामगृहे बांधली. बागा, तलाव आणि विहिरी केल्या. इबा, पारादा, दमणा, तापी, करबेणा आणि दाहनुका या सहा नद्यांवर त्याने फुकट नावा ठेवल्या आणि त्यांच्या दोन्ही तीरांवर विसाव्याच्या जागा व पाणपोया उभारल्या. यांतील पारादा म्हणजे आजची पार, दमणा म्हणजे दमणगंगा आणि दाहनुका म्हणजे डहाणूची खाडी, हे नुसत्या नामसाम्यावरूनही ध्यानात येते. या नद्या एकामागोमाग एक मांडल्या की भडोचपासून सोपाऱ्यापर्यंतची किनाऱ्यालगतची पायवाट नकाशावर उमटते. किनाऱ्याने चालणाऱ्याची खरी अडचण अंतराची नसून खाड्यांची असते, हे लेख कोरविणाऱ्याला नेमके ठाऊक होते. चार विश्रामगृहांपैकी सोपारा, गोवर्धन आणि दशपुर ही तीन गावे तर किनाऱ्यावरून घाट चढून माळव्याकडे जाणाऱ्या दिशेवर आहेत. आजचा आग्रा रस्ता हीच दिशा धरतो आणि ओझर तिच्यावरच आहे.

याच लेखात नानंगोल या गावातील नारळाची बत्तीस हजार झाडे 'चरक' समुदायांना दिल्याचा उल्लेख येतो. पिंडितकावड, गोवर्धन, सुवर्णमुख आणि शूर्पारकातील रामतीर्थ येथे या समुदायांचे वास्तव्य होते. चरक म्हणजे कृष्ण यजुर्वेदाच्या त्या नावाच्या शाखेचे ब्राह्मण की सतत फिरणारे परिव्राजक, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहे. नानंगोल हे किनाऱ्यावरील नारगोळ असावे, असे काहींनी मानले आहे. अर्थ कोणताही घेतला तरी किनाऱ्यावरच्या नारळीच्या उत्पन्नावर घाटमाथ्यावरील गोवर्धनच्या समुदायाचाही उदरनिर्वाह अंशतः चालावा, ही योजना लक्षणीय आहे. समुद्रकाठ आणि पठार यांना जोडणारी वाट केवळ मालाची नव्हती.

उषवदाताच्या दुसऱ्या एका लेखात आकडे येतात आणि ते तपासून पाहण्यासारखे आहेत. त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणीकडे दोन हजार कार्षापण दरमहा शेकडा एक व्याजाने कायमचे ठेवले. वर्षाचे व्याज दोनशे चाळीस झाले. लेण्यात वर्षावासासाठी राहणाऱ्या वीस भिक्षूंपैकी प्रत्येकास चीवरासाठी बारा कार्षापण द्यावेत, अशी तरतूद होती. वीस गुणिले बारा म्हणजे दोनशे चाळीस. हिशेब काटेकोर जुळतो. दुसऱ्या श्रेणीकडे ठेवलेल्या एक हजार कार्षापणांवर शेकडा पाऊण दराने जे नव्वद येत, ते इतर किरकोळ खर्चासाठी होते. पावसाळ्याचे महिने एका जागी आणि उरलेले वर्ष चारिकेवर, असे भिक्षुजीवनाचे स्वरूप होते. वीस जणांच्या एका गटाला अंगावरचे वस्त्र आणि भिक्षापात्र एवढ्यावर वर्षभर हिंडता यावे, यासाठी मागे विणकरांच्या श्रेणीचा व्याजव्यवहार उभा होता. भिक्षूची अपरिग्रही वृत्ती खरीच होती, पण ती शक्य करणारी व्यवस्था दुसऱ्यांच्या श्रमांवर चाले, ही गोष्ट आपल्याकडील लेखनात सहसा सांगितली जात नाही.

झोळी, पडशी आणि कावड

मध्ययुगात या परंपरेला महानुभाव पंथाने वेगळे वळण दिले. श्रीचक्रधरांचे गोदाकाठचे परिभ्रमण लहान शिष्यगटासह झाले. त्या काळच्या गावांचे, देवळांचे, पारांचे आणि नदीकाठांचे जितके तपशील 'लीळाचरित्रा'त सापडतात तितके क्वचितच अन्यत्र सापडतात. 'स्थानपोथी' हा ग्रंथ तर स्वामींच्या मुक्कामांच्या जागांचीच नोंद आहे. गावाच्या कोणत्या दिशेस देऊळ, त्याचे दार कोणीकडे, स्वामींचे आसन कोठे, अशा नेमक्या खुणा तीत आहेत. चालणाऱ्यासाठी तयार केलेली मराठीतील ही आद्य मार्गदर्शिका म्हटली तरी ती अतिशयोक्ती ठरणार नाही. साधकाने एका जागी रमू नये आणि भिक्षा चारही वर्णांच्या घरी मागावी, असा पंथाचा दंडक होता. येथे वाटेवरचा आधार कोणा राजाच्या दानपत्रावर अवलंबून राहिला नाही. तो दारोदारच्या घासावर आला. ओझरच्या शेजारच्या सुकेणे परिसरात ही परंपरा आजही जिवंत आहे.

अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी (१७२५–१७९५) देशभर घाट, विहिरी आणि धर्मशाळा बांधल्या, हे सर्वश्रुत आहे. ओझरच्या पुढे याच रस्त्यावर असलेल्या चांदवड येथील होळकरांचा रंगमहाल आणि तेथील जुन्या बारवा पाहिल्या म्हणजे या मार्गाचे महत्त्व कळते. धर्मशाळेत छप्पर आणि पाणी मिळे, शिधा व भांडी मात्र ज्याची त्याने आणायची. त्यामुळे यात्रेकरूच्या पाठीवर झोळीऐवजी पडशी आली. दोन्ही बाजूंस खण असलेली ही पिशवी खांद्यावर टाकता येई. तिच्यात पीठ, मीठ, गूळ, दशम्यांची शिदोरी, तांब्या आणि एखादे पातेले असे. शिवाय पाठीशी वळकटी. एकमेकांच्या हातचे न खाण्याच्या रूढीमुळे हा भार वाढे, कारण प्रत्येक जातीचे, कधी प्रत्येक कुटुंबाचे, चूलभांडे वेगळे असावे लागे.

एकोणिसाव्या शतकातील अशा प्रवासाचे मराठीतील सर्वांत प्रसिद्ध चित्र म्हणजे विष्णुभट गोडसे यांचे 'माझा प्रवास'. कुलाबा जिल्ह्यातील (आताचा रायगड) पेणजवळच्या वरसईचे हे भिक्षुक ब्राह्मण. घरचे कर्ज फेडण्यासाठी १८५७ साली ते आपल्या चुलत्यासह उत्तरेकडे निघाले. मथुरेस बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार असल्याची वार्ता त्यांच्या कानी आली होती. कोकणातून घाट चढून, पुढे सातपुडा ओलांडून ते महूच्या बाजूस पोहोचले आणि तेथेच त्यांना शिपायांच्या उठावाची बातमी लागली. आग्रा रस्ता याच महूवरून जातो. पुढे ग्वाल्हेर, झाशी, चित्रकूट, लखनौ, अयोध्या, काशी असा त्यांचा प्रवास झाला. झाशीचा पाडाव त्यांनी डोळ्यांनी पाहिला आणि मिळविलेली दक्षिणा लुटीत गमावली. अखेर ते परतले ते गंगोदकाची कावड खांद्यावर घेऊन. चिंतामण विनायक वैद्य यांच्या आग्रहावरून त्यांनी हा वृत्तान्त लिहिला. वैद्यांनी संस्कारित केलेली आवृत्ती १९०७ मध्ये प्रसिद्ध झाली, तर मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदार यांनी सिद्ध केलेली आवृत्ती १९६६ मध्ये आली.

हा ग्रंथ सत्तावनच्या उठावाचे साधन म्हणूनच प्रायः वाचला जातो. परंतु प्रवासाच्या इतिहासाच्या दृष्टीने त्यातील महत्त्वाची गोष्ट अशी, की अराजकाच्या काळातही या दोघा-तिघांच्या गटाला जागोजाग आश्रय मिळत गेला. हा आश्रय जातीने ब्राह्मण आणि विद्येने याज्ञिक असण्याचा होता. परक्या मुलखातही महाराष्ट्रीय ब्राह्मणांची घरे, देवळे, अन्नछत्रे आणि संस्थानिकांचे दानाध्यक्ष हे त्यांचे ठरलेले थांबे होते. पैसा लुटला गेला तरी हे भांडवल कोणाला लुटता येण्यासारखे नव्हते.

१८६५ मध्ये थळ घाटातून लोहमार्ग सुरू झाला आणि पायी वाटेचे स्वरूप पालटले. रेल्वे नाशिकहून निफाडच्या बाजूने गेली. ओझर रस्त्यावरच राहिले. दूरचा प्रवासी गाडीत बसला आणि रस्त्यावर उरले ते जवळपासचे यात्रेकरू, बैलगाड्या व बाजारकरू. चैत्रात आणि कोजागिरीस सप्तशृंगीच्या गडाकडे पायी जाणारे खानदेशातील भाविक व कावडधारी ही त्या जुन्या रहदारीची आजवर टिकलेली शाखा होय.

वाटेवरचे पाणी कोणाचे?

आतापर्यंतच्या विवेचनावरून जुन्या काळी वाटसरूला सर्वत्र सहज आधार मिळे, असा समज होण्याची शक्यता आहे. तो खरा नाही. वाटेवरची विहीर, धर्मशाळा आणि देवळाची ओसरी ज्यांना बंद होती, त्यांच्या दृष्टीने हा इतिहास निराळाच आहे, आणि त्याचा सर्वांत स्पष्ट पुरावा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मपर लेखनात आहे.

१९०१ सालची हकिगत. वडील कोरेगाव येथे नोकरीस होते आणि मुले साताऱ्यास. सुटीत भीमराव, त्यांचे भाऊ आणि बहिणीची दोन मुले अशी चार मुले वडिलांना भेटण्यासाठी आगगाडीने मसूरला उतरली. न्यावयास कोणी आले नव्हते. जात कळल्यावर गाडीवान मिळेना. शेवटी दुप्पट भाडे घेऊन एक जण तयार झाला, तोही मुलांनी गाडी हाकावी आणि आपण बाजूने चालावे या अटीवर. शिदोरी भरपूर होती, पण पाणी नव्हते. रात्रीच्या मुक्कामी टोलनाक्यावरही पाणी मिळाले नाही आणि समोर अन्न असून मुले उपाशी निजली. नवे कपडे घालून हौसेने निघालेल्या मुलांचा हा गावाकडच्या मुलखातील छोटासा प्रवास होता. त्यांच्याजवळ सामान होते, पैसे होते. वाट मात्र त्यांची नव्हती.

दुसरा प्रसंग १९३४ चा आणि तो नाशिकशी थेट निगडित आहे. वेरूळची लेणी पाहण्यासाठी सुमारे तीस कार्यकर्त्यांसह डॉ. आंबेडकर सहलीस निघाले. मंडळी नाशिकला एकत्र जमून तेथून औरंगाबादकडे गेली. वाटेत अडचणी येऊ नयेत म्हणून आपली ओळख उघड करावयाची नाही, असे आधीच ठरले होते. दौलताबादच्या किल्ल्यापाशी धुळीने माखलेल्या काही जणांनी तेथील हौदाच्या पाण्याने हातपाय धुतले. त्यावरून जमाव जमला, शिवीगाळ झाली आणि सशस्त्र शिपाई बरोबर घेऊन, कोठेही पाण्याला शिवायचे नाही या बोलीवर, त्यांना किल्ला पाहावा लागला. त्याआधी चारच वर्षे, २ मार्च १९३० रोजी, नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला होता. तो मंदिरप्रवेशाचा लढा म्हणून प्रसिद्ध आहे; पण देवळाचे दार, गावची विहीर आणि किल्ल्यावरचा हौद हे एकाच व्यवस्थेचे भाग होते. स्थलदर्शनाचा निखळ आनंद हीदेखील एक सामाजिक सवलत आहे, हे दौलताबादच्या प्रसंगाइतके अन्य कोणत्याही नोंदीतून कळत नाही.

इरावती कर्वे यांनी 'परिपूर्ती' या संग्रहातील 'वाटचाल' या लेखात पंढरीच्या दिंडीतील अनुभव लिहिला, त्यातही जेवणाच्या वेळी पडणाऱ्या जातीच्या पंगतींची खंत आहे. दिवसभर एकत्र चालणारी माणसे मुक्कामाला वेगळी होत. चालणे समान असले तरी थांबणे समान नव्हते.

पाठपिशवीचा उदय

केवळ चालण्याच्या आनंदासाठी चालणे ही कल्पना आपल्याकडे तुलनेने अलीकडची आहे. जर्मनीत १९०१ मध्ये 'वांडरफोगेल' ही तरुणांची भटकंती चळवळ सुरू झाली. पावसात अडकलेल्या आपल्या विद्यार्थ्यांना शाळेच्या खोलीत रात्र काढावी लागली, त्यावरून रिचर्ड शिरमान या शिक्षकाला १९०९ मध्ये युवा वसतिगृहाची कल्पना सुचली आणि १९१२ मध्ये आल्टेना येथील किल्ल्यात असे वसतिगृह उघडले गेले. त्याच १९१२ साली काका कालेलकर, स्वामी आनंद आणि अनंतबुवा मर्ढेकर हे तिघे हिमालयात पायी हिंडत होते. एकीकडे औद्योगिक शहरांना कंटाळलेले युवक, दुसरीकडे वैराग्य आणि देशदर्शन या दोहोंच्या ओढीने निघालेले त्रिकुट! काळ एक, चालणेही तेच. प्रेरणा मात्र भिन्न. महाराष्ट्रातील पुढच्या पदभ्रमणात या दोन्ही धारा मिसळलेल्या दिसतात.

भारतात युवा वसतिगृह संघटना १९४९ मध्ये स्थापन झाली. मुंबईत 'गिरिविहार' १९५४ मध्ये आणि पुण्यात 'गिरिप्रेमी' १९८२ मध्ये निघाली. हरीश कापडिया यांच्या 'ट्रेक द सह्याद्रीज' या पुस्तकाने वाटांची शास्त्रशुद्ध नोंद रूढ केली, गो. नी. दांडेकरांच्या दुर्गभ्रमणाने मध्यमवर्गीय तरुणाला पाठीवर पिशवी टाकून घराबाहेर पडण्याचे वेड लावले. गोनीदांची पिढी गावातल्या देवळात निजे आणि कोणा म्हातारीच्या हातची भाकरी खाई. पुढे सॅकमध्ये तंबू, स्लीपिंग बॅग, स्टोव्ह, तयार खाद्यपदार्थ आणि बाटलीबंद पाणी आले. हा बदल सुबत्तेचा आहे, तसाच तो तुटलेल्या नात्याचाही आहे. गावावर आपला भार पडू नये, ही सद्भावना त्यामागे असते. पण गावाशी आपला संबंधही येऊ नये, अशी सोय तीत आपोआप होते. भिक्षूने गावावर टाकलेला भार पदभ्रमकाने पुन्हा स्वतःच्या पाठीवर घेतला, असे म्हणता येईल. त्यात जुन्या पंगतीभेदापासून सुटका झाली, ही गोष्ट मात्र नाकारता येत नाही. पैसे मोजून घेतलेल्या जेवणाला सहसा जात विचारली जात नाही.

किनाऱ्याची कथा याहून थोडी निराळी आहे. सह्याद्रीत तंबू ठोकून स्वयंपूर्ण राहता येते. कोकणच्या किनाऱ्याने चालणाऱ्याला ते साधत नाही, कारण दर काही कोसांवर खाडी आडवी येते. रेवदंड्याला कुंडलिका, पुढे राजपुरीची खाडी, बाणकोटला सावित्री, दाभोळला वाशिष्ठी, जयगडला शास्त्री, पूर्णगडला मुचकुंदी, जैतापूरला अर्जुना, विजयदुर्गला वाघोटण आणि अगदी दक्षिणेस तेरेखोल. पाठीवर कितीही सामान असले तरी येथे तरीची वाट पाहावीच लागे. ब्रिटिश अमदानीत १८६८ च्या कायद्याने मुंबई इलाख्यातील तरींचे नियमन झाले आणि त्यांचे मक्ते दिले जाऊ लागले. उषवदाताने पुण्य म्हणून फुकट ठेवलेली नाव अशा रीतीने सरकारी उत्पन्नाची बाब झाली. दाभोळ–धोपावे दरम्यान २००३ मध्ये मोटारीही वाहून नेणारी फेरीबोट सुरू झाली, आणि मागाहून इतर खाड्यांवरही तशा बोटी आल्या. तरीवरच्या नाखव्याशी आणि सहप्रवाशांशी बोलत घालवलेला अर्धा तास हा किनाऱ्याच्या भटकंतीचा गाभा होता. जसजसे पूल होत जातील तसतसा तो नाहीसा होईल. पूल झाल्याने खाडीपलीकडच्या आजाऱ्याला वेळेवर दवाखाना गाठता येतो, हे ध्यानात घेता पदभ्रमकाने त्याबद्दल हळहळणे फारसे शोभत नाही.

१९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाल्यावर, आणि घरगुती निवास व न्याहारीची पद्धत किनाऱ्यावरील गावांत रुजल्यावर, लहान गटांच्या प्रवासाला पुन्हा गावाचा आधार लाभू लागला. गुहागर, वेळणेश्वर, हेदवी या पट्ट्यात घरच्या माजघरातील जेवण आणि पडवीतील अंथरूण आता दराने मिळते. पाठीवरची पिशवी त्यामुळे पुन्हा हलकी झाली. मात्र आधाराचा हा नवा प्रकार ज्याच्याजवळ पैसे आहेत त्याच्यापुरता आहे.

महामार्गावरील पायी माणसे

चौपदरी झालेल्या मुंबई–आग्रा महामार्गावर पायी माणूस जवळजवळ दिसेनासा झाला होता. उड्डाणपूल, दुभाजक आणि कडेचे कठडे ही सारी रचना वाहनासाठी आहे. चालणाऱ्यासाठी पूर्वीची झाडांची रांग, पाणपोई, चावडीची ओसरी यांपैकी काहीच तीत राहिले नाही. तरीही गेल्या काही वर्षांत दोन प्रसंगी हा रस्ता पायी माणसांनी भरला.

पहिला प्रसंग मार्च २०१८ चा. वनजमिनीचे हक्क आणि कर्जमाफी यांसाठी ६ मार्चला नाशिकहून निघालेले हजारो शेतकरी, ज्यांत सुरगाणा, दिंडोरी या बाजूंचे आदिवासी मोठ्या संख्येने होते, सुमारे १८० किलोमीटर चालून १२ मार्चला मुंबईच्या आझाद मैदानावर पोहोचले. कसारा घाट उतरणाऱ्या त्या रांगेतील माणसे गावागावांच्या लहान टोळ्या करून चालत होती. डोक्यावर शिध्याचे गाठोडे, हातात झेंडा, पायांत झिजलेली वहाण. दहावीच्या परीक्षार्थींना त्रास होऊ नये म्हणून मुंबईतील अखेरचा टप्पा त्यांनी रात्री चालून काढला आणि शहरातील लोकांनी पाणी, खाऊ व चपला घेऊन त्यांना रस्त्यावर गाठले. फोड आलेल्या तळपायांची छायाचित्रे त्या आठवड्यात सर्वत्र छापून आली.

दुसरा प्रसंग २०२० चा. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. रेल्वे आणि बस बंद झाल्या. मुंबई, ठाणे, भिवंडी येथील कारखाने आणि बांधकामे थांबल्यावर उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, बिहार येथील मजूर आग्रा रस्त्याने घराकडे चालू लागले. महाराष्ट्रातून श्रमिकांची पहिली विशेष रेल्वेगाडी १ मे रोजी रात्री नाशिक रोडहून भोपाळकडे सुटली. तीत तीनशेहून अधिक मजूर होते. परंतु गाड्यांची वाट न पाहता, किंवा त्यांत जागा न मिळाल्याने, पायी निघालेल्यांचा ओघ मे महिनाभर राहिला. कसारा घाट चढून नाशिक, आणि नाशिकवरून ओझर, पिंपळगाव, चांदवड. एका गावचे, एका नात्याचे पाच-दहा जण मिळून एक गट करीत. पुष्कळांच्या पाठीवर पदभ्रमकांची असते तशीच सॅक होती. तीत कपडे, चटई, मोबाइलचा चार्जर, पाण्याच्या बाटल्या आणि कोणा लहानग्याचे दूध. चारचाकीच्या वेगासाठी आखलेल्या त्या रस्त्यावर मे महिन्याच्या उन्हात सावली शोधायची तर उड्डाणपुलाखालीच.

त्या वेळी अनेक गावांनी संसर्गाच्या भीतीने आपल्या शिवेवर काट्याकुट्या टाकून बाहेरच्यांना बंदी केली होती. गावची ओसरी, देऊळ आणि शाळा यांत परक्याला मुक्काम मिळत नव्हता. मात्र त्याच गावांतील माणसे महामार्गावर येऊन खिचडीची पातेली मांडत, पाण्याचे टँकर उभे करीत, चपलांचे जोड वाटीत. शिवेच्या आत मज्जाव आणि शिवेवर अन्न, अशी ती स्थिती होती. मजूर रस्त्याच्या कडेलाच बसून खात, बाटल्या भरून घेत आणि ऊन कलले की मालेगावच्या दिशेने चालू लागत.